अल्हाम्ब्राचा बिनपरवान्याचा गाईड

अल्हाम्ब्रा मला कुणी शिकवू नये! सव्वीस वर्षं मी त्या टेकडीवर लाल मिनीबस चालवलीय. दिवसाला चौदा फेऱ्या. कुठल्या वळणावर गिअर बदलायचा, कुठल्या खड्ड्याशी म्हाताऱ्या बायका "येशू!" म्हणून किंचाळतात, कुठल्या झाडाखाली जोडपी उतरतात आणि उतरल्यावर राजवाडा सोडून भलतीकडेच जातात, सगळं पाठ! त्यामुळे कासिल्दाचा जर्मनीहून फोन आला आणि ती म्हणाली, "प्लासिदो, मी येतेय. मला राजवाडा आतून बघायचाय आणि शनिवारची मिरवणूक बघायचीय," तेव्हा मी छाती फुगवून म्हणालो, "अगं, अल्हाम्ब्रा म्हणजे माझं घर! दुपारी दोनला राजवाडा, सहाला मिरवणूक. गोमेरेसच्या उतारावर माझ्या डेपोतल्या मित्राची बाल्कनी आहे. राणीसारखी बसून बघशील!"

फक्त एक बारीकशी गोष्ट सांगायची राहिली. मिनीबस राजवाड्याच्या दारापर्यंतच जाते. दाराच्या आत मी एकदाच गेलो होतो. शाळेच्या सहलीला, नऊ वर्षांचा असताना. आणि तेव्हा मला उलटी झाली होती.

आम्हा ग्रानादाच्या लोकांचं हे असंच असतं. जग विमानं भरभरून तो राजवाडा बघायला येतं आणि आम्ही म्हणतो, जाऊ की सावकाश, तो काय पळून चाललाय? गेली सातशे वर्षं जागेवर आहे.

पळून गेली होती ती कासिल्दा. म्हणजे पळून नाही, तिचा बाप तिला घेऊन गेला. ती अठरा वर्षांची होती, मी एकोणीसचा. आमच्या आल्बाइसिनच्या गल्लीत तिची आई इस्त्रीची कामं करायची. ती मंडळी श्टुटगार्टला गेली. तिथे ती मोटारीच्या दिव्यांच्या कारखान्यात लागली, तिथेच लग्न, तिथेच मुलगी, तिथेच वैधव्य. मी लग्न केलं नाही. कुणी कारण विचारलं की सांगायचो, "ड्यूटीच्या वेळा फार विचित्र हो!" लोकांना पटायचं. मलाही पटत आलं होतं.

तर अठ्ठेचाळीस वर्षांनी ती बसमधून उतरली. केस पांढरे, बारीक कापलेले. मनगटावर हे एवढं घड्याळ. मला बघून म्हणाली, "चार मिनिटं उशीर केलास."

मी म्हणालो, "तू अठ्ठेचाळीस वर्षं केलास."

हे मात्र मी मनात म्हणालो. तोंडाने म्हणालो, "पार्किंग मिळेना!" माझ्याकडे गाडीच नाही.

शनिवारी दुपारी दोनच्या ठोक्याला आम्ही राजवाड्यात शिरलो. ऊन मी म्हणत होतं. माझा कोट तिने हातावर घेतला. "घामाघूम झालायस, दे इकडे." कोटाबरोबर माझा फोनही तिच्याकडे गेला, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

पहिल्याच दालनात ती थबकली. भिंतभर कोरलेली अरबी अक्षरं, वेलींसारखी एकमेकांत गुंतलेली. "प्लासिदो, काय लिहिलंय रे हे?"

आता मी काय सांगणार? मला आमच्या डेपोतल्या नोटिसा वाचता वाचता नाकी नऊ यायचे! पण ती माझ्याकडे इतक्या विश्वासाने बघत होती की माझ्या तोंडातून आपोआप निघालं, "ही सुलतानाची आज्ञा आहे. जोडे काढून आत यावं, भिंतीला तेलकट डोकं टेकू नये."

"इतकं सुंदर लिहून?"

"सुलतान रसिक होता."

तिला बरं वाटलं. मग मी सुटलोच! पाण्याच्या लांबलचक हौदापाशी सांगितलं की इथे सुलतान आपल्या बायकांना पोहायला शिकवायचा. छतावरची मधमाश्यांच्या पोळ्यासारखी नक्षी दाखवून सांगितलं, कारागिराचं मधाचं दुकान होतं. सिंहांच्या चौकात तर माझी जीभ मिनीबससारखी उतारावर धावू लागली. "बारा सिंह का? सुलतानाला बारा सासवा होत्या. एकेकीचा चेहरा बघून एकेक सिंह केलाय. तो डावीकडचा बघ, किती नाराज आहे!"

मागून कुणीतरी खोकलं. वळून बघतो तो वायादोलिद शहरातल्या निवृत्त शिक्षकांचा जथा! पंचवीसेक जण. वह्या काढून लिहून घेत होते!

"थोडं मोठ्यानं बोला हो," एक टकले गृहस्थ म्हणाले. "आठव्या सासूचं नाव ऐकू आलं नाही."

आता मला थांबता आलं असतं. पण कासिल्दा गालात हसत होती. ते हसू मी इस्त्रीच्या दुकानाच्या खिडकीत शेवटचं पाहिलं होतं. त्या हसण्यासाठी मी बारा काय, चाळीस सासवा उभ्या केल्या असत्या!

दालनामागून दालनं गेली. आमच्यामागची रांग लांबत गेली. वायादोलिदवाल्यांना दोन पोर्तुगीज जोडपी चिकटली, मग नुकतं लग्न झालेलं एक कोरियन जोडपं चिकटलं. त्यांना शब्द कळत नव्हता, पण माझे हातवारे बघून ते मान डोलावत होते. शेवटी आम्ही एका कमानीच्या खिडकीपाशी पोहोचलो. खाली दरी, आणि समोरच्या टेकडीवर आमचं आल्बाइसिन. पांढरी घरं एकमेकांच्या खांद्यावर डोकं ठेवून बसलेली.

कासिल्दा खिडकीशी गेली. "मी तिकडून इकडे बघायचे," ती हळूच म्हणाली. "कारखान्यात माझ्या कपाटाला आतून ह्या राजवाड्याचं कॅलेंडर लावलं होतं. साल उलटून गेलं तरी काढलं नाही. पण आपलं घर इथून कसं दिसतं, ते कुठल्याच कॅलेंडरात नव्हतं."

मी तिच्याशेजारी उभा राहिलो. अख्ख्या दुपारभरात पहिल्यांदाच मला ठाऊक असलेली गोष्ट समोर होती. "ती दोन सायप्रसची झाडं दिसतात? त्यांच्या डावीकडे, गेरूच्या रंगाची गच्ची. तीच. तिथे तू चादरी वाळत घालायचीस. सोमवारी आणि गुरुवारी."

"तुला वार आठवतात?"

मी काही बोलायच्या आत मागून कॅमेऱ्यांचा नुसता कडकडाट झाला. पंचवीस शिक्षक, चार पोर्तुगीज आणि दोन कोरियन त्या गच्चीचे फोटो काढत होते!

"कोण राहायचं तिथं?" टकल्या गृहस्थांनी वही सरसावली.

"एक मुलगी."

"राजकन्या?"

"नाही हो. इस्त्रीवालीची मुलगी."

"आणि मग? पुढं काय झालं तिचं?"

कासिल्दा माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे. त्या एका क्षणात मी बोललो असतो. शपथेवर सांगतो, बोललो असतो! पण खांद्यावर हात पडला. गळ्यात ओळखपत्र, हातात वॉकीटॉकी, अशा एक बाई उभ्या होत्या.

"परवाना दाखवा."

"कसला?"

"गाईडचा. विनापरवाना गट फिरवणं गुन्हा आहे. चला ऑफिसात."

"अहो, हा माझा गट नाही! माझी ही एकटीच आहे!"

'माझी ही' ऐकून कासिल्दाच्या भुवया वर गेल्या. मी लाल झालो. तोवर पुढच्या वेळेची तिकिटं असलेला लोंढा आत आला आणि वायादोलिदसकट तिला पुढे ढकलत घेऊन गेला. मी टाचा उंचावून ओरडलो, "गोमेरेसचा उतार! बाल्कनीखालचं निळं दार! सहा वाजता!" तिचा हात वर दिसला, हातात माझा कोट होता, आणि मग कोटही दिसेनासा झाला.

ऑफिसात त्या बाईंनी मला दीड तास बसवून ठेवलं. साहेब आले. मी परोपरीने सांगितलं की मी गाईड नाही, ड्रायव्हर आहे. साहेब हसले. "प्रत्येक बिनपरवाना गाईड हेच सांगतो. बरं, सांगा पाहू, हा राजवाडा कुणी बांधला?"

"मूरांनी."

"कुठल्या शतकात?"

"फार पूर्वीच्या."

"बारा सिंहांचं काय?"

मी खरं ते सांगितलं. म्हणजे सासवांचं.

साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. बाईंना म्हणाले, "सोडा ह्यांना. गाईड असते तर इतकं चुकले नसते."

निर्दोष सुटलो! असा अपमान होऊन सुटलेला माणूस ग्रानादात दुसरा नसेल.

बाहेर आलो तर साडेपाच वाजून गेलेले आणि रस्ते बंद. मिरवणूक टेकडीवरच्या चर्चमधूनच निघते, त्यामुळे खाली जाणाऱ्या वाटेवर दोर लावलेले. दोरापाशी पोलीस. "फक्त बंधुमंडळाच्या सेवेकऱ्यांनाच सोडतोय, आजोबा." आजोबा! फोन करावा म्हणून खिशात हात घातला. खिसा कोटाला होता. कोट कासिल्दाकडे.

तेवढ्यात चर्चच्या भिंतीशी माझा पुतण्या फेर्मिन दिसला. मिरवणुकीचा झगा, केप, काखेत ती तोंड झाकणाऱ्या बुरख्याची उंच टोकदार टोपी, आणि चेहरा लिंबासारखा पिवळा.

"काका, मी मेलो," तो म्हणाला. "आत्याने तोरिखास केले होते. मधात बुडवलेले तळलेले पाव. सतरा खाल्ले. पोटात सगळा बँड वाजतोय, आणि शिस्तप्रमुख म्हणतात जागा रिकामी राहता कामा नये!"

देवाने पाठवलेला दूतच तो! दोन मिनिटांत फेर्मिनचा झगा माझ्या अंगावर होता आणि फेर्मिन भिंत धरून घराकडे चालला होता. माझी योजना सरळ होती. रांगेतून उतारावर जायचं, निळं दार आलं की हळूच बाजूला व्हायचं. किती सोपं!

आता फेर्मिन माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे. त्यामुळे टोपीच्या बुरख्याची भोकं माझ्या डोळ्यांपाशी यायच्याऐवजी गालांपाशी आली. मान मागे टाकली तर एका डोळ्याने थोडं दिसे. म्हणून मी सगळी मिरवणूकभर आकाशाकडे बघत चाललो. कडेची एक बाई म्हणाली, "बघ गं, कसा तल्लीन झालाय!"

हातात मोठी मेणबत्ती दिली. शिस्तप्रमुख चांदीची काठी आपटत आले. "बंधूंनो, नियम ठाऊक आहेत. बोलायचं नाही. वळायचं नाही. चर्चमध्ये परतेपर्यंत रांग सोडायची नाही!"

मी बुरख्याआडून विचारलं, "परत कधी यायचं?"

"रात्री एकला. आणि बोलायचं नाही म्हणून सांगितलं ना!"

निघालो. तटबंदीतल्या न्यायाच्या दरवाजाशी सगळे थांबले. तो दरवाजा आतून काटकोनात वळतो आणि येशूच्या माउलीचं चांदीचं मखर त्यातून काढायचं म्हणजे श्वास रोखून धरायचं काम. खाली चाळीस गडी मानेवर भार घेऊन गुडघ्यांवर रांगत होते. बोटभर इकडे, बोटभर तिकडे. माउलीच्या मांडीवर तिचा गेलेला मुलगा. बघणाऱ्यांत कुणी शिंकत नव्हतं. मखर बाहेर आलं आणि गर्दीतून एका म्हाताऱ्याने मोकळ्या गळ्याने भजन म्हटलं. तो आवाज असा होता की सहा वाजून गेलेत हे मी घटकाभर विसरलो. सारं आयुष्य ही मिरवणूक मी बसच्या काचेतून पाहिली होती, रस्ता कधी मोकळा होतो म्हणून वैतागत.

मग उतार सुरू झाला. चार पावलं चालायचं, दहा मिनिटं थांबायचं. सात वाजले असतील. मेण बोटांवर गळत होतं. मान मागे टाकून टाकून आखडली होती. आणि अखेर एका डोळ्याला निळं दार दिसलं!

नेमकी तिथेच रांग थांबली. दाराखाली घडीच्या खुर्चीत एक जाडजूड बाई सूर्यफुलाच्या बिया फोडत बसली होती. तिच्या शेजारी पायरीवर कासिल्दा. मांडीवर माझा कोट. माझ्यापासून दोन हातांवर! मध्ये दोर, आणि मागे काठीवाले शिस्तप्रमुख.

"अजून नाही आला तुमचा माणूस?" बियावाली विचारत होती.

"माझा नाही तो."

"मग दीड तास कुणासाठी बसलात, बाई?"

कासिल्दा कोटाची घडी नीट करत राहिली. मग म्हणाली, "आम्ही जर्मनीला निघालो तेव्हा तो स्टेशनवर आला होता. गाडी सुटायला पंचवीस मिनिटं होती. मी ठरवलं होतं, ह्याने नुसतं 'राहा' म्हटलं तर मी बापाला सांगून इथे मावशीकडे राहीन. एक शब्द! तर हा पंचवीस मिनिटं इंजिनाबद्दल बोलला. किती टन कोळसा लागतो, चाकं किती!"

"पुरुष!" बियावालीने एक साल थुंकलं. "आणि आज?"

"आज सिंहांबद्दल बोलला."

बुरख्याच्या आत माझे कान असे तापले की मेणबत्तीची गरज राहिली नाही. मला ते इंजिन आठवलं. ते कोळशाचं नव्हतंच, डिझेलचं होतं! तेव्हाही मी थापाच मारत होतो.

"पण खिडकीपाशी," कासिल्दा म्हणाली, "त्याला माझ्या चादरींचे वार आठवत होते." मग तिने घड्याळ पाहिलं. "सव्वासात. सहा म्हणाला होता. माझी मालागाची बस सकाळी आठची आहे, विमान दुपारी. बॅग भरायचीय." ती उठली, कोट त्या बाईच्या हातात देत म्हणाली, "तो आला तर द्या. बुटका आहे, टोपी घालतो. त्याला सांगा, राजवाडा आवडला."

आणि ती निघाली!

मी नियम मोडला. रांग मोडली. घसा फाडून ओरडलो, "कासिल्दा! थांब!" पण बुरख्याच्या जाड कापडातून बाहेर पडलं ते असं काहीतरी: "फाफिफ्फा! फांब!"

जरा विचार करा. तोंड नसलेला, आकाशाकडे बघणारा एक लांबुडका सुळका पेटती मेणबत्ती घेऊन तुमच्या अंगावर धावून येतोय! कासिल्दाने किंकाळी फोडली आणि हातातली पर्स गरकन फिरवून माझ्या कानशिलात हाणली. मी दोरावर, दोर बियावालीच्या खुर्चीवर, खुर्ची मिटली, बाई आत! मेणबत्ती नाल्यात जाऊन विझली. मखराखालच्या चाळीस गड्यांना वाटलं पुढे निघायची खूण झाली, ते मखर उचलून उभे राहिले, बँडने ठोका दिला.

शिस्तप्रमुख धावत आले. "बंधू! मौन! मौन!"

"मी बंधू नाहीये!" मी टोपी उपटून फेकली. "मी बसचा ड्रायव्हर आहे!"

सगळा उतार माझ्याकडे वळला. बँडसुद्धा. खुर्चीच्या आतून बियावाली म्हणाली, "हाच का तो? बुटका आहे खरा."

कासिल्दा हाताने तोंड झाकून उभी होती. ती हसत होती की रडत होती, मला सांगता येणार नाही, माझा एक डोळा सुजला होता. मी रस्त्यावर बसल्या बसल्याच म्हणालो, "कासिल्दा, राहा."

झालं! बाहेर पडला शब्द. अठ्ठेचाळीस वर्षं पोटात होता. पाचशे माणसांपुढे, माउलीपुढे, झगा फाटलेला, कानात घंटा वाजत असताना, म्हणालो मी एकदाचा!

ती माझ्याजवळ आली. गुडघ्यावर बसली. माझ्या बोटांवरचं मेण नखाने काढत तिने जर्मन गांभीर्याने विचारलं, "किती दिवस?"

आणि इथे, मित्रहो, माझी अक्कल गेली. 'राहा'च्या पुढे काय, ह्याचा मी कधी विचारच केला नव्हता! सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. शिस्तप्रमुख काठी घेऊन बघत होते. मी घाबरून म्हणालो, "मंगळवारपर्यंत!"

तिने मान डोलावली. "ठीक आहे."

राहिली ती. विमानाचं तिकीट बदललं, मुलीला कळवलं. रविवारी आम्ही फेर्मिनला बघायला गेलो. तो कण्हत होता, पण आपला झगा बघून ताडकन उठून बसला. सोमवारी आम्ही आल्बाइसिनमध्ये त्या गेरूच्या गच्चीखाली गेलो. आता तिथे कुणी परके राहतात. वर चादरी होत्या. आम्ही दोघं भिंतीला टेकून त्या वाळेपर्यंत उभे राहिलो. ती माझ्या बाहीचं बटण लावत होती. ते लागलेलंच होतं. सोडून परत लावत होती.

मंगळवारी सकाळी पावणेआठला ती बॅग घेऊन स्टँडवर हजर!

"कासिल्दा," मी म्हणालो, "मला वाटलं होतं..."

"तूच म्हणालास ना, मंगळवारपर्यंत?" तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. अगदी आठ वाजेपर्यंत पाहिलं. मी काहीतरी म्हणावं म्हणून वाट बघत होती, हे आता कळतं. मी म्हणालो, "खिडकीशी बस, त्या बाजूला ऊन नाही."

बस गेली. मी घरी आलो, चहा ठेवला, साखर घातली, ढवळली. आणि ढवळता ढवळता मला उत्तर सुचलं! अगदी बिनतोड उत्तर! मंगळवारपर्यंत म्हणालो होतो, कबूल. पण कुठल्या मंगळवारपर्यंत, ते कुठे म्हणालो होतो?

तोवर बस मालागाला पोहोचली होती.